भिंतीला तडा कोणी पाडला?

शेजारी शेजारी दोन घरे आहेत अशी कल्पना करा. एकाला अ म्हणू, दुसऱ्याला ब. अ घराच्या परसात, कुंपणाच्या भिंतीला लागून, कडुनिंबाचे मोठे झाड आहे. एके दिवशी सकाळी ब घरातले काका कुंपणापाशी येतात आणि म्हणतात, "अहो आजोबा, तुमच्या झाडाच्या मुळांनी आमचे किती नुकसान केले ते बघा तरी येऊन! कुंपणाची भिंत उचलली गेली, मोरीचा नळ तुंबला आणि आता घराच्या कोपऱ्याला तडा गेला. झाड काढून टाका."

अ घरातले आजोबा म्हणतात, "हे झाड माझ्या वडिलांनी लावलेले आहे. त्याच्या सावलीत तुमचीही मुले खेळली. तुमचा पायाच कच्चा, त्याला झाड काय करील?"

पहिल्या दिवशी बोलाचाली, महिन्याभरात अबोला आणि वर्षाने नगरपालिकेत अर्ज. असे तंटे गावोगावी चालतात. तुमच्या आळीतही एखादा चालू असेल. अशा वेळी दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे बोलत असतात. पण दोघेही अंदाजाने बोलत असतात. झाड एकदा तोडले की परत उभे राहत नाही आणि घराचा कोपरा एकदा खचला की तो सावरायला फार खर्च येतो. म्हणून अंदाजावर निकाल न देता आपण आपले पदार्थविज्ञान साक्षीला बोलावू.

काकांच्या तक्रारी तीन आहेत : कुंपणाची भिंत, मोरीचा नळ आणि घराचा कोपरा. या तिन्हींचा विचार वेगवेगळा करायला हवा. तिन्हींमध्ये मुळे सापडली तरी तिन्हींतले त्यांचे काम सारखे नसते.

पहिली तक्रार : कुंपणाची भिंत

कोवळे मूळ नखानेही तुटते. मग ते विटांची भिंत कशी उचलते? याचे उत्तर पेशींतील पाण्याच्या दाबात आहे. मुळाच्या पेशींत क्षार व शर्करा विरघळलेल्या असतात. परासरणाने पाणी आत शिरते आणि पेशी हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबप्रमाणे ताठ होते. हा ताठरपणा मुळाला वाढताना आजूबाजूला रेटा देण्याची ताकद देतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर याने १८९३ साली वाढत्या मुळांभोवती जिप्समचा गिलावा ओतून हा रेटा मोजला होता. मुळे साधारणपणे ५ ते १० वातावरणांइतका दाब देऊ शकतात. एक वातावरण म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅमचा भार, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आता हिशेब करू. एक मूळ भिंतीच्या खालून, भिंतीच्या लांबीला धरून एक मीटर गेले आहे आणि २ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याने ते पायाला टेकले आहे असे समजा. टेकलेले क्षेत्रफळ २ × १०० = २०० चौरस सेंटिमीटर झाले. दाब ५ किलोग्रॅमच धरला तरी बल २०० × ५ = १००० किलोग्रॅम-भार होते.

भिंतीचे वजन किती? नऊ इंची, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर जाडीची आणि दीड मीटर उंचीची भिंत घ्या. एक मीटर लांबीत ०.२३ × १.५ × १ = ०.३४५ घनमीटर बांधकाम येते. विटांच्या बांधकामाचे वजन दर घनमीटरला सुमारे १९०० किलोग्रॅम असते. म्हणजे वजन झाले सुमारे ६५० किलोग्रॅम. उथळ पायाचे वजन मिळवले तरी बेरीज हजाराच्या आतच राहते. तेव्हा मूळ ही भिंत उचलू शकते. पहिल्या तक्रारीत काकांचे म्हणणे टिकते.

पण हाच हिशेब घराच्या भिंतीला लावून पाहा. दुमजली घराच्या एक मीटर लांबीच्या भिंतीवर विटा, स्लॅब आणि घरातले सामान मिळून सहा-सात हजार किलोग्रॅमचा भार सहज असतो. एक हजार किलोग्रॅमचा रेटा तिथे अपुरा पडतो. शिवाय मूळ हट्टी नसते. अडथळा आला की ते मऊ मातीकडे वळते किंवा अडथळ्याला टेकून चपटे होते. म्हणून अंगणातल्या फरश्या, पायऱ्या, गटारांच्या कडा आणि कुंपणे मुळांनी उचलली जातात; चांगला पाया असलेले घर मुळाच्या रेट्याने उचलले जाणे विरळाच.

याला एक अपवाद लक्षात ठेवा. वड, पिंपळ, उंबर यांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडते आणि तिथेच रुजते. त्याचे मूळ भिंतीच्या आतच जाड होते आणि पाचरीप्रमाणे विटा अलग करते. गच्चीच्या कठड्यावर दोन पाने दिसताच तो पिंपळ काढावा, तो याच कारणाने.

दुसरी तक्रार : मोरीचा नळ

तुंबलेला नळ उकरला की आत मुळांचा भला मोठा झुबका निघतो. तो पाहून कोणीही म्हणेल की मुळांनी नळ फोडला. पण क्रम बहुधा उलटा असतो. धड, न गळणाऱ्या नळाच्या आत पाणी आहे हे मुळाला कळायला काही मार्ग नाही. जुने भाजलेल्या मातीचे नळ तुकड्यातुकड्यांनी सांध्यांवर जोडलेले असतात. जमीन थोडी हलली की सांधा सैल होतो, पाणी झिरपते आणि भोवतालची माती ओली राहते. ओल्या मातीत मुळे जोमाने वाढतात. त्यांतले केसासारखे एखादे मूळ सांध्याच्या फटीतून आत शिरते. आत पाणी आहे, हवा आहे, सांडपाण्यातले खतही आहे. मग काय विचारता! काही वर्षांत नळ भरून जातो आणि जाड झालेले मूळ फट आणखी रुंद करते.

म्हणजे पहिला दोष सांध्याचा आणि मागून वाढवलेला दोष मुळाचा. उपाय नळाचा आहे. झाड तोडले तरी गळका सांधा गळतच राहील.

तिसरी तक्रार : घराचा कोपरा

ही तक्रार सर्वांत गंभीर आहे. घर मुळांच्या रेट्याने उचलले जात नाही हे आपण पाहिले. मग झाड निर्दोष सुटले का? नाही. मुळांचे मुख्य काम ढकलण्याचे नसून पाणी पिण्याचे आहे.

इथे प्रश्न येतो तो मातीचा. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या कातळापासून तयार झालेली काळी माती मोठ्या भूभागावर पसरलेली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. या खनिजाचे थर मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतके पातळ असतात आणि पाणी त्या थरांच्या मध्ये शिरते. त्यामुळे ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे महिन्यांत शेतात हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. जी माती शेत भेगाळते, ती घराखालीही असतेच. मुरमावर किंवा वाळूवर बांधलेल्या घराला ही भीती जवळजवळ नसते.

ऊन मातीला वरून वाळवते, तर झाड तिला आतून वाळवते. मोठे झाड उन्हाळ्याच्या एका दिवसात बाष्पोच्छ्वासाने शंभर-दोनशे लिटर पाणी हवेत सोडू शकते. ते येते मातीतूनच. समजा, ब घराच्या कोपऱ्याखालच्या १० चौरस मीटर जागेतून झाडाची मुळे रोज फक्त १० लिटर पाणी घेतात आणि उन्हाळ्यात ते भरून येत नाही. पन्नास दिवसांत ५०० लिटर, म्हणजे अर्धा घनमीटर पाणी गेले. १० चौरस मीटरवर पसरले तर ही ५ सेंटिमीटर उंचीची पाण्याची चादर होते. ओल्या चिकणमातीतून जेवढे पाणी जाते, जवळजवळ तेवढेच तिचे आकारमान घटते. ही घट तिन्ही दिशांना होते, म्हणून उंचीत तिचा सुमारे तिसरा भाग, म्हणजे १.६ सेंटिमीटर येतो. बाकीची घट भेगांच्या रूपाने दिसते.

संपूर्ण घर सारखेच १.६ सेंटिमीटर खाली गेले असते तर कोणाला कळलेही नसते. पण कोपरा खाली गेला आणि पाच मीटरवरचा दुसरा कोपरा जागेवर राहिला तर उतार १.६ भागिले ५००, म्हणजे सुमारे १/३०० झाला. स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड या अभियंत्यांनी १९५६ साली अनेक इमारतींचा अभ्यास करून दाखवले की एवढ्याच उतारापाशी भिंतींना तडे पडू लागतात. रोजच्या दहा लिटर पाण्याने घराला तडा जाऊ शकतो, तो असा!

लंडनमधला एक खटला

काळ्या मातीसारखी आकसणारी चिकणमाती लंडन शहराखालीही आहे. १९७६ च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर ब्रिटनमध्ये घरे खचल्याच्या तक्रारींची रीघ लागली होती. असाच एक तंटा २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. डेलावेअर मॅन्शन्स या निवासी इमारतीला तडे गेले होते. दोष होता पदपथावरच्या प्लेन जातीच्या झाडाचा, आणि ते झाड वेस्टमिन्स्टर नगर परिषदेच्या ताब्यातले होते. मुळांनी पायाखालची चिकणमाती सुकवली होती. अभियंत्यांच्या मते झाड काढले असते तर सुमारे १४ हजार पौंडांत डागडुजी भागली असती. झाड राहिले, म्हणून पायाखाली नवा आधार द्यावा लागला आणि त्याला सुमारे ५ लाख ७० हजार पौंड लागले. न्यायासनाने हा खर्च नगर परिषदेवर टाकला.

या निकालातला एक मुद्दा आपल्या काकांनी आणि आजोबांनीही ध्यानात घ्यावा असा आहे. झाडाच्या मालकाला आधी सूचना मिळाली पाहिजे आणि उपाय करायला वाजवी अवधी मिळाला पाहिजे, असे न्यायासनाने म्हटले. तसेच, सूचना पुराव्यासह मिळाल्यावर मालकाने स्वस्थ बसून चालत नाही.

आधी झाड की आधी घर?

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, "मग झाड तोडणेच बरे." थांबा. त्याआधी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे : आधी झाड होते की आधी घर?

घर आधी बांधले आणि झाड नंतर वाढले असेल तर झाडाने वाळवलेली माती झाड गेल्यावर पुन्हा पाणी पिऊन बहुतांशी पूर्वीच्या पातळीला येईल. तडे थोडे मिटतीलही. पण झाड जुने आणि घर नवे असेल तर? अशा वेळी घराचा पाया झाडाने आधीच वाळवलेल्या, आकसलेल्या मातीवर घातलेला असतो. झाड तोडले की ती माती हळूहळू पाणी शोषून फुगू लागते आणि घराला खालून वर उचलते. हे फुगणे एका पावसाळ्यात संपत नाही; ते कित्येक वर्षे चालू राहू शकते. मुळाचा रेटा जे करू शकला नाही ते फुगणारी माती करते. तडा बुजवण्यासाठी झाड तोडावे आणि त्यामुळेच नवे तडे पडावेत, असा हा प्रकार आहे. आपल्या गोष्टीतले झाड आजोबांच्या वडिलांनी लावलेले आहे. ब घर त्यानंतर बांधले असेल तर झाड तोडून काकांचे हित होण्याऐवजी नुकसानच होण्याचा संभव आहे!

कुंपणापाशी मुळे सपासप तोडणे हाही सोपा मार्ग वाटतो. झाडाची बहुतेक मुळे वरच्या एक मीटर मातीतच, पण फांद्यांच्या विस्ताराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. बुंध्याजवळची जाड मुळे हे झाडाचे नांगर असतात. एका बाजूचे नांगर तोडले तर वळवाच्या वाऱ्यात झाड कोणत्या बाजूला पडेल? तोडलेली मुळे त्याला मागून धरून ठेवत होती, म्हणून ते बहुधा विरुद्ध बाजूला, म्हणजे अ घरावर पडेल.

तडा वाचायला शिका

मग करायचे काय? मोजमाप. तुम्हा विद्यार्थ्यांना हे काम सहज करता येईल.

१. तड्याचा आकार पाहा. कोपरा खचला असेल तर तडा तिरपा, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी गेलेला आणि वर रुंद, खाली अरुंद असतो. भिंतीचा मधला भाग खचला असेल तर तडा खाली रुंद असतो.

२. तड्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर एकेक बारीक खिळा पक्का बसवा आणि त्यांच्यातले अंतर दर पंधरा दिवसांनी मोजा. व्हर्नियर कॅलिपर प्रयोगशाळेत असतोच. वर्षभराच्या नोंदींचा आलेख काढा. समजा, पहिल्या मे महिन्यात तडा ४ मिलिमीटर होता, ऑगस्टमध्ये १.५, नोव्हेंबरमध्ये २, फेब्रुवारीत ३ आणि पुढच्या मे महिन्यात ४.५ भरला. ऋतूप्रमाणे उघडमीट करणारा असा तडा आकसणारी माती दाखवतो. उलट, तडा पावसाळ्यातच रुंदावत असेल तर फुगणारी माती, साठणारे पाणी किंवा गळका नळ शोधावा. ऋतू कोणताही असो, तडा एकसारखा वाढतच असेल तर पायाच मुळात अपुरा आहे काय हे अभियंत्याला दाखवावे.

३. कोपऱ्यापाशी जाणत्या माणसाकडून पायापर्यंत छोटा खड्डा खणून घ्या. माती काळी आहे की मुरूम, पाया किती खोल आहे आणि मुळे आहेत की नाहीत हे तिथे दिसते. मुळे कडुनिंबाचीच आहेत का? काकांच्या अंगणातला शेवगाही संशयित असू शकतो. मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून झाडाची ओळख पटवता येते. कापावर आयोडीनचा थेंब टाकून तो निळा-काळा झाला तर मुळात पिष्ट आहे, म्हणजे ते जिवंत आहे किंवा अलीकडेपर्यंत होते.

कायदा काय म्हणतो?

"माझ्या जागेतले झाड मी तोडीन," असे आजोबांनी ठरवले तरी शहरात तसे करता येत नाही. महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांचे संरक्षण व जतन करण्यासाठी १९७५ साली कायदा झाला. त्यानुसार झाड खाजगी जागेतले असले तरी तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. तोडण्याची सूचना वर्तमानपत्रात आणि झाडावर लावली जाते, म्हणजे इतरांना हरकत घेता येते. 'तोडणे' या शब्दात जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. तेव्हा रात्री गुपचूप बुंधा जाळणे हा मार्गही बंद आहे. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले. आजोबांच्या वडिलांनी लावलेले झाड यात सहज बसेल.

तीन तक्रारी, तीन उपाय

कुंपणाची भिंत : मुळाच्या जागी भिंतीत खिडकीसारखी मोकळी जागा सोडावी, वर लिंटेल टाकावे आणि भार दोन्ही बाजूंच्या खांबांवर न्यावा. मूळ खुशाल जाड होऊ द्यावे. खर्च दोन्ही घरांनी वाटून घेतला तर अबोलाही मिटतो.

मोरीचा नळ : जुना नळ काढून घट्ट सांध्यांचा पीव्हीसी नळ टाकावा.

घराचा कोपरा : आधी वर्षभराच्या नोंदी पाहाव्यात. दोष झाडाचा ठरला तर माहीतगाराकडून फांद्यांची बेताची छाटणी करावी. पाने कमी झाली की पाण्याचा खर्चही काही काळ कमी होतो. छताचे आणि मोरीचे पाणी पायापासून दूर न्यावे. तेवढ्याने भागले नाही तर पायाला खोल आधार द्यावा. काळ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने खाली फुगीर बुंधा असलेले पायखांब विकसित केले आहेत. ते आकसणाऱ्या-फुगणाऱ्या थराच्या खाली जाऊन स्थिर मातीत घट्ट बसतात. आणि हे सारे करूनही घर धोक्यात असेल, तर रीतसर परवानगीने झाड काढण्याचा मार्ग उरतोच. तसे झाले तर ते काकांच्या आग्रहामुळे नव्हे, पुराव्यामुळे झाले असे आजोबांनाही मान्य करता येईल.

नवे झाड लावणाऱ्यांनी मात्र एवढे करावे : मोठे होणारे झाड कुंपणाला खेटून लावू नये. आज वीतभर दिसणारे रोप पुढच्या पिढीत दोन घरांमध्ये उभे असणार आहे.

करून पाहा

तुमच्या गावची माती त्रास देणारी आहे का? कोरडी माती बारीक कुटून चाळून घ्या. दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम माती घाला. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत ओता. ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास तसेच ठेवा. मग दोन्ही पात्रांत मातीच्या थराचे आकारमान वाचा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक रॉकेलमधल्या आकारमानाने भागून १०० ने गुणा. उत्तर ५० टक्क्यांहून जास्त आले तर ती माती घराच्या पायाला त्रासदायक समजावी. काळी माती, तांबडी माती आणि वाळू यांची तुलना करा. (रॉकेल वापरताना शिक्षक जवळ असावेत आणि ज्योत दूर असावी.)

आणि शाळेच्या एखाद्या भिंतीला तडा असेल तर आजच दोन खिळे बसवून पहिली नोंद वहीत लिहा. खाली तारीख घालायला विसरू नका.